विहिरीवरच्या मोटरीचे हरवलेले व्होल्ट : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

मोटर दुसऱ्यांदा भरून (वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची वेटोळी, नव्याने गुंडाळून) आणली. गेल्या उन्हाळ्यात एकदा जळाली, यंदा होळीनंतर पुन्हा. भरणाऱ्याने दोन्ही वेळा एकच सांगितलं : वाइंडिंग काळं पडलंय, मोटर जुनी झाली, नवी घ्या. तात्यांना ते पटत नाही आणि मलाही नाही. नुकत्याच भरलेल्या मोटरीत तांबं नवं, इन्सुलेशन नवं. ती वर्षाच्या आत जळते म्हणजे जाळणारं कारण मोटरीच्या बाहेर असलं पाहिजे. यावेळी मोटर विहिरीत सोडून मोकळं व्हायचं नाही, आधी मोजायचं.

जागेची माहिती एकदाच लिहून ठेवतो. वस्तीवरचं घर, घरगुती मीटर, सिंगल फेज. विहीर घरापासून टेपने १३८ मीटर, दोन्हीकडचे चढउतार धरून केबल १४० मीटर. केबल दोन कोअरची (आत दोन तारा), अ‍ॅल्युमिनियमची, चार स्क्वेअर एमएम, बांधावरच्या लाकडी खांबांवरून नेलेली. मध्ये बाभळीपाशी एक जोड आहे. मोटर पाण्यातली, एक एचपी, पाटीवर २२० व्होल्ट आणि ६.८ अँपिअर. हे पाणी घरात प्यायला, गोठ्याला आणि परसातल्या भाजीला लागतं. मोटर बंद असली की आई आणि वहिनी रहाटाने ओढतात. सोलापूर जिल्ह्यातल्या एप्रिलात तीन म्हशींचं पाणी हाताने ओढायचं म्हणजे दोघींची सगळी सकाळ त्यातच जाते. म्हणून हे काम लांबवायचं नाही.

संध्याकाळी पहिलं मोजमाप. घरी मीटरपाशी भाऊ, विहिरीवर मी, दोघांच्या कानाला फोन. मोटर बंद असताना दोन्हीकडे २२१ व्होल्ट. चालू केल्यावर घरी २१४, विहिरीवर १९२. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा धरून धारा मोजणाऱ्या मीटरवर) ७.४ अँपिअर.

बंद असताना दोन्हीकडे सारखं व्होल्टेज आहे, हे विसरू नये. वायरमन येतो, टेस्टर लावतो, मीटर लावतो, "दोनशे एकवीस आहे की, लाइट चांगली आहे" म्हणतो आणि जातो. खोटं बोलत नाही तो. पण धारा वाहत नसताना केबल काहीच खात नाही, त्यामुळे तिचा दोष तेव्हा दिसूच शकत नाही. मोजायचं ते लोडवर, म्हणजे मोटर चालू ठेवून.

१३ एप्रिल, रविवार

पुतणीची नववीची परीक्षा संपलीय. तिच्या पुस्तकात ओहमचा नियम आहे (विभवांतर ÷ धारा = रोध), विभवांतर म्हणजे व्होल्ट, धारा, रोध हे सगळे शब्द तिला पाठ आहेत. हिशोबाची वही आजपासून तिच्याकडे.

तिने केलेलं पहिलं गणित : २१४ − १९२ = २२ व्होल्ट. २२ ÷ ७.४ = २.९७ ओहम.

मी विचारलं, बावीसच का घेतलेस? दोनशे चौदा का नाही?

"काका, केबलच्या दोन टोकांत फरक बावीसचाच आहे ना. दोनशे चौदा घेतले तर त्यात मोटरपण आली."

बरोबर. धारा एकच, ७.४. पण २१४ ला भागलं तर केबल आणि मोटर मिळून २८.९ येतात, १९२ ला भागलं तर एकट्या मोटरीचे २५.९, आणि २२ ला भागलं तर केबलचे २.९७. तिन्ही भागाकार गणित म्हणून बरोबर आहेत. कोणत्या दोन बिंदूंमधले व्होल्ट घेतले, ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहायचं असं ठरवलं. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला.

आता केबलचा रोध असायला किती हवा? एक मीटर लांब, एक स्क्वेअर एमएम जाडीच्या तारेचा रोध वीस अंश सेल्सिअसला तांब्यासाठी ०.०१७२ ओहम, अ‍ॅल्युमिनियमसाठी ०.०२८२ ओहम. तिने १४० मीटर धरून ०.९९ काढले. मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, जायची एक तार, यायची एक. म्हणजे २८० मीटर. २८० × ०.०२८२ ÷ ४ = १.९७ ओहम.

मला शंका होती की चार म्हणून विकलेली केबल खरंच चारची आहे का. उरलेला तुकडा सोलून व्हर्नियरने मोजला : व्यास २.२५ मिलिमीटर, म्हणजे ३.९८ स्क्वेअर एमएम. केबल खरी आहे.

उन्हाचं काय? अ‍ॅल्युमिनियमचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. उन्हात तार ५० अंशांना गेली असं धरलं तरी १.९७ चे २.२१ होतात. आपल्याला मिळाले २.९७, आणि तेही संध्याकाळी. पाऊण ओहमहून जास्त कुठून आले?

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. गावात मिरवणूक आहे, सगळे तिकडेच. दुकानं बंद, त्यामुळे मीटरचा नवा सेल मिळाला नाही.

दुपारी एकच केलं. विहिरीवरच्या पेटीतून मोटरीच्या तारा सोडवून रनिंग वाइंडिंगचा (मोटर फिरती ठेवणाऱ्या वेटोळ्यांचा) रोध मल्टिमीटरने पाहिला. ३.१ ओहम. मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या की ०.३ दाखवतो, ते वजा करून २.८. पुतणीने लगेच भागाकार केला, २२० ÷ २.८ = ७८.६ अँपिअर. "मग मोटर एवढे ओढत का नाही?"

प्रश्न चांगला आहे. २.८ हा फक्त तांब्याच्या तारेचा रोध आहे. एसीवर त्या वेटोळ्यांमध्ये सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं आणि तेच धारेला अडवतं. मोटर वेगात फिरत असली की सगळ्यांत जास्त अडवतं, अडकून उभी राहिली की कमी. काल आलेले २५.९ हे त्या सगळ्याचं मिळून आहे. त्याला रोध म्हणायचं नाही, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात त्याला इम्पिडन्स म्हणतात. तिच्या वहीत शब्द लिहून दिला. दहावीला लागणार नाही, पण आमच्या विहिरीला लागतो.

१६ एप्रिल, बुधवार

आज वॅट. शाळेचं सूत्र : शक्ती = विभवांतर × धारा. घरापाशी २१४ × ७.४ = १५८४. ही मोटर खरंच १५८४ वॅट घेते का, हे सांगणारी वस्तू घरातच भिंतीवर आहे. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी छापलंय : एका युनिटला ३२०० पल्स. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, भागिले ३२००, म्हणजे दिवा एकदा लुकलुकला की ११२५ ज्यूल वीज आत आली.

घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. फक्त मोटर. पुतणी मोजतेय, भावाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. ५० लुकलुकींना ४०.७ सेकंद. दुसऱ्यांदा ४०.६, तिसऱ्यांदा ४०.८. ५० × ११२५ ÷ ४०.७ = १३८२ वॅट.

१५८४ नाही, १३८२. दोनशे वॅटचा फरक. तिला वाटलं मोजण्यात चुकलो. तीनदा तेच आलं म्हणजे चूक नाही. मोटरीत धारा व्होल्टेजच्या थोडी मागून चालते. दोघांचे चढउतार एकाच क्षणी होत नाहीत, म्हणून नुसता गुणाकार जास्त येतो. १३८२ ÷ १५८४ = ०.८७, हाच पॉवर फॅक्टर. शाळेतला गुणाकार बॅटरीला, बल्बला, इस्त्रीला, पाणी तापवायच्या रॉडला चालतो. मोटरीला लावला की फसवतो.

मीटरचा दिवा हे आपल्याकडचं सगळ्यांत भरवशाचं उपकरण निघालं, याचा आज खरंच आनंद झाला. हे वॅटमीटर प्रत्येक घरात आहे, त्याच्याकडे फक्त बिल आल्यावर बघतात.

१९ एप्रिल, शनिवार

मोटरीवर केबलचं माप बरोबर येईल का, याबद्दल मनात शंका बसलीय. धारा मागे चालत असेल तर २१४ मधून सरळ १९२ वजा करणं बरोबर कसं? म्हणून आज विहिरीवर मोटरऐवजी पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड बादलीत सोडून लावला. तो निव्वळ रोध, त्यात मागेपुढे काही नाही. बादलीपासून दूर उभं राहायचं, घरून एमसीबी (वीज तोडायचा स्विच) चालू-बंद करायचा, चालू असताना कोणी हात लावायचा नाही. पुतणीला विहिरीवर आणलंच नाही.

घरी २२०, विहिरीवर २०१, धारा ५.७. फरक १९, भागिले ५.७ = ३.३३ ओहम.

मोटरीवर २.९७, रॉडवर ३.३३. केबल तीच.

पण ३.३३ वर तरी किती विश्वास ठेवायचा? दोन्ही मीटर शेवटच्या आकड्यात एक व्होल्ट इकडेतिकडे दाखवू शकतात. म्हणजे १९ हे १७ असू शकतात किंवा २१. उत्तर ३.० पासून ३.७ पर्यंत कुठेही. दोन मोठ्या आकड्यांतून छोटा फरक काढला की अशी पंचाईत होते. शिवाय डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज एका जागी थांबत नाही. शेजारच्या वस्तीत कोणी चक्की लावली की आमच्याकडे तीन व्होल्ट पडतात, आणि फोनवर "आता वाच" म्हणेपर्यंत आकडा बदललेला असतो.

रॉडचं एक मात्र लिहून ठेवायला हवं. २३० व्होल्टला १५०० वॅट म्हणजे त्याचा रोध ३५.३ ओहम. विहिरीवर २०१ च मिळाले, तर वॅट २०१ × ५.७ = ११४६. व्होल्टेज बारा-तेरा टक्के कमी झालं तर वॅट जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटले, कारण व्होल्टेज कमी झालं की धाराही कमी होते आणि दोन्हींचा गुणाकार होतो.

रात्री पुतणीसाठी जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब काढला. थंड असताना मल्टिमीटरवर ३८ ओहम. लावून धारा मोजायची तर ती अर्ध्या अँपिअरहून कमी, क्लॅम्प मीटर एवढ्या छोट्या धारेला नीट दाखवत नाही. त्यावर उपाय : वायरीचे दहा वेढे क्लॅम्पमधून काढायचे आणि आकड्याला दहाने भागायचं. ४.२ दाखवले, म्हणजे ०.४२ अँपिअर. २२० ÷ ०.४२ = ५२४ ओहम. थंड ३८, पेटल्यावर ५२४. ती बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत होती. मग बल्ब बंद करून लगेच मोजायचं म्हणाली, आणि आकडा मीटरवर भराभर खाली येताना तिने स्वतः पाहिला.

२० एप्रिल, रविवार

आजचा दिवस कामाचा. दोन अडचणी होत्या : हलतं व्होल्टेज आणि जीवघेणं व्होल्टेज. दोन्हींना एकच उत्तर, ट्रॅक्टरची बॅटरी. बारा व्होल्ट, डीसी, स्थिर. हात लागला तरी भीती नाही, आणि डीसीत मागेपुढेपणाचा प्रश्नच नाही.

ओहमलाही नेमकी हीच अडचण आली होती. १८२० च्या दशकात तो जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचा. सुरुवातीला त्याने रासायनिक सेल वापरले. ते प्रयोग चालू असतानाच उतरायचे, आकडे जुळेनात. मग पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवल्यावरून त्याने तांबं आणि बिस्मथचा थर्मोकपल घेतला, म्हणजे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज देणारी दोन धातूंची जोडी. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. विजेचा दाब अगदी थोडा, पण हलत नाही. तेव्हा कुठे नियम दिसला, आणि १८२७ मध्ये त्याने तो पुस्तकात मांडला. पुतणीला हे सांगितलं तर म्हणाली, पुस्तकात फक्त सूत्र आहे, उकळतं पाणी नाही.

मांडणी : एमसीबी बंद, आणि नुसता बंद नव्हे तर केबलच्या दोन्ही तारा घरच्या कटआउटमधून (फ्यूजच्या पेटीतून) काढून बाहेर ठेवल्या. विहिरीवर मोटर सोडवून दोन्ही कोअर बोल्टने घट्ट एकत्र बांधले. म्हणजे २८० मीटरचा एक फेरा तयार झाला. घरच्या टोकाला बॅटरी, मधे ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब धारा रोखेल. पहिल्या मल्टिमीटरमधून १० अँपिअरच्या रेंजवर धारा (आपला क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो). दुसरा मल्टिमीटर मित्राकडून आणलेला, तो थेट केबलच्या दोन टोकांवर, बॅटरीच्या चिमट्यांवर नाही. चिमट्यांवर धरला तर बल्ब, मीटर आणि चिमटे यांचाही रोध हिशोबात येतो.

सकाळी सात वाजता, हवा साधारण २५ अंश.

धारा २.४६ अँपिअर. केबलच्या टोकांमधले व्होल्ट ८.३८. भागाकार ३.४१ ओहम.

पाच मिनिटांनी पुन्हा : ८.३७ आणि २.४६. आकडे हलत नाहीत! आठवडाभर पळणाऱ्या आकड्यांच्या मागे लागल्यावर हे पाहून फार समाधान वाटलं. इथे वजाबाकी नाही, ८.३८ थेट मोजलेले आहेत. शेवटच्या आकड्यातली चूक उत्तरात अर्धा टक्काही फरक करत नाही.

२५ अंशांना केबल असायला हवी २.०१. आहे ३.४१. जास्तीचे १.४० ओहम केबलमध्ये नाहीत, कुठेतरी जोडात आहेत.

२१ एप्रिल, सोमवार

मोटरीवर २.९७ का आले, हे आज पुतणीला कंपासपेटीने दाखवलं. ३.४१ × ७.४ = २५.२ व्होल्ट केबलमध्ये जातात. पण फरक दिसला २२. घरापाशी मोटर १३८२ वॅट घेत होती, त्यातले केबलमध्ये ७.४ × ७.४ × ३.४१ = १८७ गेले, विहिरीवर पोचले ११९५. तिथला नुसता गुणाकार १९२ × ७.४ = १४२१. म्हणजे मोटरीचा पॉवर फॅक्टर ०.८४, आणि ज्या कोनाचा कोसाइन ०.८४ तो ३३ अंश.

एक सेंटिमीटर म्हणजे वीस व्होल्ट. आधी ९.६ सेंटिमीटरची रेघ, हे विहिरीवरचे १९२. तिच्या टोकापासून सरळ न जाता ३३ अंश वळून १.२६ सेंटिमीटर, हे केबलचे २५.२. आता सुरुवातीपासून त्या टोकापर्यंत पट्टी लावायची. तिने मोजलं : १०.७. गुणिले वीस, २१४. घरच्या मीटरवर अगदी तेच होतं.

ती काही बोलली नाही, पण पान उलटून तोच त्रिकोण पुन्हा काढला, या वेळी पेन्सिलीला टोक करून.

२६ एप्रिल, शनिवार

जोड शोधले. पुन्हा बॅटरी, पुन्हा तीच मांडणी, २.४६ अँपिअर वाहताहेत. केबलला एकूण तीन ठिकाणी जोड : घराच्या कटआउटपाशी, बाभळीपाशी, विहिरीच्या पेटीत. बारा व्होल्ट असल्यामुळे टेप उकलून जोडाच्या दोन्ही बाजूंना सरळ पिना टेकवता आल्या.

कटआउटपाशी दोन्ही कोअर मिळून ०.०५ व्होल्ट. ठीक.

बाभळीपाशी एक कोअर ०.०४. दुसरा २.२७ व्होल्ट. एवढ्याशा गाठीत! दोन्ही मिळून २.३१, भागिले २.४६ = ०.९४ ओहम. अंगठ्याएवढी गाठ १३० मीटर अ‍ॅल्युमिनियमच्या तारेएवढी अडवतेय.

पेटीत ०.९८ व्होल्ट, म्हणजे ०.४० ओहम. तिथला स्क्रू मुंग्यांच्या मातीने भरलेला आणि सैल.

०.०२ + ०.९४ + ०.४० = १.३६. हवे होते १.४०. उरलेले ०.०४ विहिरीवर बोल्टने बांधलेल्या टोकाचे असतील. हिशोब जमला.

बाभळीच्या गाठीची गोष्ट तात्यांना आठवली. तीन वर्षांपूर्वी फांदी पडून केबल तुटली तेव्हा घरात असलेला तांब्याच्या वायरीचा हातभर तुकडा मधे पिळून टेप मारली होती. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर कायम असतो आणि तो वीज वाहू देत नाही. त्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र, वर पावसाचं पाणी. ओलीत दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. टेप काढली तर आत पांढरी भुकटी होती आणि इन्सुलेशन वितळून काळं पडलेलं.

मोटर चालू असताना त्या गाठीत किती वॅट जात होते? इथे ज्यूलचं सूत्र लागतं, धारेचा वर्ग गुणिले रोध. ७.४ × ७.४ × ०.९४ = ५१ वॅट. डाग देण्याची साधी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. तशा दोन, कापडी टेपमध्ये गुंडाळून, वाळल्या बाभळीला टेकवून ठेवलेल्या, रोज दोन तास. हे लिहिताना अंगावर काटा येतोय. खाली कडब्याची गंज असते.

बॅटरीवर काढलेले ०.९४ मोटरीच्या धारेलाही तेवढेच असतील असं मी म्हणणार नाही. असली गाठ तापली, हलली की तिचा रोध बदलतो. पण मोटर कशाने जळाली, ते आता समजतंय. सुरू होताना मोटर क्षणभर २४-२५ अँपिअर ओढते. २५ × ३.४१ = ८५ व्होल्ट केबलमध्येच जायचे. त्या क्षणी विहिरीवरच्या मीटरवर १३८ च्या आसपास आकडा चमकून गेलेला मी पाहिलाय. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. १३८ ला २२० ने भागून वर्ग केला तर ०.३९, म्हणजे चाळीस टक्क्यांहूनही कमी जोर. कधी फिरायची, कधी नुसती घूं करत उभी राहायची. उभी राहिली की तेच पंचवीस अँपिअर वाइंडिंगमधून वाहत राहतात. २५ × २५ × २.८ = १७५० वॅट उष्णता, आणि पाणी फिरत नाही म्हणून ती बाहेरही निघत नाही. कोणी येऊन बंद करेपर्यंत वाइंडिंग भाजायचं.

२७ एप्रिल, रविवार

दुरुस्ती. बाभळीचा तांब्याचा तुकडा काढून टाकला, तिथे त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार. टोकं चमकेपर्यंत घासली, लगेच जोडाची पेस्ट लावली, अ‍ॅल्युमिनियमचं फेरूल (छोटी नळी) घालून क्रिंपिंगच्या पकडीने दाबलं. घासल्यावर थांबायचं नाही, थर पुन्हा लगेच धरतो. पेटीत नवे टर्मिनल. फांद्या छाटल्या, जोड खांबावर उंच बांधला, झाडाला नाही.

बॅटरी : ६.४५ व्होल्ट, ३.१ अँपिअर, २.०८ ओहम. हेडलाइटचा बल्बही गेल्या वेळेपेक्षा उजळ पेटला. आईला आकडे दाखवायची गरज पडली नाही, ती लांबूनच म्हणाली, आज दिवा चांगला लागलाय.

३ मे, शनिवार

मोटर सोडली. घरी २१७, विहिरीवर २०५, धारा ६.९. पाटीवर ६.८ लिहिलंय, तिथे पोचलो. ५० लुकलुकींना ४३.७ सेकंद, १२८७ वॅट. केबलमध्ये जाणारे १८७ वॅट आता ९९ झाले, आणि मोटरीला जवळजवळ तेवढेच मिळतात जेवढे आधी मिळत होते. आधी ती तेवढेच वॅट जास्त धारा ओढून घेत होती.

पुतणीने न सांगता १२ ÷ ६.९ = १.७४ काढले, त्याला ०.८४ ने भागलं आणि २.०७ लिहिलं. बॅटरीचे २.०८. मला वही आणून दाखवली.

सुरू होताना विहिरीवर १६० च्या आसपास. मीटर एवढ्या वेगाने आकडा बदलत नाही, त्यामुळे तो अंदाज समजायचा, पण १३८ आणि १६० मध्ये जोराच्या हिशोबाने एक तृतीयांशाचा फरक आहे. आज दहा वेळा सुरू केली, दहाही वेळा लगेच फिरली.

११ मे, रविवार

काल वळीव झाला. सकाळी आधी जोड पाहिले, मग मोटर लावली. फरक पूर्वीसारखाच बारा व्होल्ट.

तात्या विचारत होते, एवढं झालं, मग केबल बदलायची का? हिशोब मांडला. दहा स्क्वेअर एमएमचं अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर २८० × ०.०२८२ ÷ १० = ०.७९ ओहम. मोटर ६.६ अँपिअर ओढेल असं धरलं तर केबलमध्ये ३४ वॅट, आणि सुरू होताना दुरुस्तीपूर्वीच्या ८५ ऐवजी २० व्होल्ट जातील. सहा स्क्वेअर एमएमचं तांबं घेतलं तरी ०.८० च येतात. तात्या तांब्याला नको म्हणाले. विहिरीवरची तांब्याची केबल रात्रीत कापून नेतात, आमच्या शिवारात दोघांची गेलीय. अ‍ॅल्युमिनियमला कोणी हात लावत नाही.

ठरलं : यंदाचा उन्हाळा याच केबलवर, सोयाबीनचे पैसे आले की दहाची. तोवर महिन्यातून एकदा बॅटरी लावून फेरा मोजायचा. पुतणीने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय : २.०८ ओहम, २७ एप्रिल, २५ अंश. त्याखाली जूनसाठी जागा सोडलीय.